हवेवरची गाडी वर कधी घ्यायची आणि खाली कधी

प्रश्न पुण्याहून आला आहे. गृहस्थांनी लँड रोव्हरची २०१२ ची जुनी डिस्कव्हरी ४ घेतली आहे, लो रेंजवाली (म्हणजे हळू पण जोरात ओढणारे जादा गिअर असलेली), चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन. त्यांचं विचारणं तीन गोष्टींचं. कच्च्या वाटेला लागलो की गाडी सरळ वर घेऊन दिवसभर तशीच ठेवली तर काय बिघडतं? सप्टेंबरअखेर स्पितीला न्यावी का? आणि मित्रमंडळी म्हणतात तसं हे हवेचं प्रकरण काढून सरळ कॉइल स्प्रिंग बसवून घ्यावेत का?

मी साताऱ्याकडचा. गॅरेज आहे, आणि बरीच वर्षं उन्हाळा-पावसाळ्यात लोकांना घेऊन सह्याद्रीतल्या वाटांवर आणि वर्षातून एकदा-दोनदा हिमालयात जातो. हवेवरच्या गाड्या माझ्याकडे दोन कारणांनी येतात, एक तर बसलेल्या म्हणून नाहीतर अडकलेल्या म्हणून. बसलेल्यांचं कारण यंत्रात असतं. अडकलेल्यांचं बहुतेक वेळा त्या वर-खाली बटणामागच्या बोटात असतं. म्हणून आधी बटणाचं बोलू.

शिवनेरीतून प्रवास केला असेल तर हवेचं सस्पेन्शन तुम्ही अनुभवलेलं आहे. चाक आणि गाडी यांच्यामध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी जाड रबराचा फुगा. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती एका टाकीत साठते, तिथून व्हॉल्व्हमधून फुग्यांत जाते. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर गाडी किती उंचावर आहे ते सांगत राहतो. लँड रोव्हरच्या गाड्यांत हे पहिल्यांदा आलं ते १९९२ मध्ये, लांब व्हीलबेसच्या रेंज रोव्हरवर. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये त्याला मोकळ्या सस्पेन्शनची, म्हणजे प्रत्येक चाक आपलं आपण वर-खाली होतं त्याची, आणि टेरेन रिस्पॉन्सच्या, म्हणजे वाट कसली आहे ते गाडीला सांगायच्या चकतीची जोड मिळाली, आणि तुमची ४ म्हणजे तीच गाडी, पोशाख बदललेली. नेहमीच्या उंचीवर तिच्या पोटाखाली १८५ मिलिमीटर जागा असते, ऑफ-रोड उंचीवर २४०. म्हणजे ५५ मिलिमीटर, चार बोटांपेक्षा कमीच. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, आणि त्या चार बोटांची किंमत मोजावी लागते.

किंमत कसली ते समजून घ्या, कारण यात एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. लोक म्हणतात, वर घेतली की फुग्यात हवा जास्त भरते, म्हणून गाडी कडक होते. तसं नाही. गाडीचं वजन तेच असतं, त्यामुळे फुग्यातला दाब जवळजवळ तेवढाच राहतो. वाढतो तो आकार. मोठ्या आकारमानातली हवा खरं तर थोडी मऊच वागते. मग वर घेतलेली गाडी खडखडते का? कारण चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही.

चाकाची एकूण हालचाल ठरलेली असते, समजा पंचवीस सेंटिमीटर. नेहमीच्या उंचीवर त्यातली काही वर जाण्यासाठी असते, काही खाली जाण्यासाठी. गाडी साडेपाच सेंटिमीटर वर उचललीत म्हणजे चाक गाडीच्या मानाने तेवढं आधीच खाली लोंबलं. खड्डा आला की त्याने आणखी खाली जाऊन जमीन धरायची, तर वाटाच संपलेला. शॉक अॅब्सॉर्बर आपल्या टोकाला जाऊन आपटतो, ‘ठक्’ असा आवाज येतो आणि चाक हवेत. हवेतलं चाक काही कामाचं नाही. घरीच करून बघा: वाळूच्या पोत्यांवर किंवा फुटपाथच्या कडेला एक चाक चढवा, एकदा नेहमीच्या उंचीवर, एकदा वरच्या, आणि कोणतं चाक कधी सुटतं ते शेजारी उभं राहून कोणालातरी बघायला सांगा. दहा मिनिटांत जे कळेल ते माझ्या दहा पानांत कळणार नाही.

दुसरी किंमत ड्राइव्ह शाफ्टची, म्हणजे चाकापर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याची. मोकळ्या सस्पेन्शनमध्ये गाडी जितकी वर, तितका शाफ्टचा कोन तिरका, आणि तिरक्या कोनात जोर लावला की सांध्यांवर आणि त्यांच्या रबरी टोप्यांवर ताण. दिवसभर वर ठेवून चढावर ओढत राहिलात तर खर्च नंतर दिसतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच ‘नाही’. वर घेणं हे पोट घासण्यावरचं औषध आहे. पकड त्याने वाढत नाही. पकड वाढते टायरमधली हवा कमी करून, आणि पैसे न मोजता होणारं ते काम लोक सगळ्यात शेवटी करतात, हे मला अजून समजलेलं नाही.

आता पोट घासतं कुठे ते बघू. मुळशी, वेल्हे, भोर या भागातल्या शेतवाटा आठवा. ट्रॅक्टर जाऊन जाऊन सरी-वरंबा तयार झालेला. चाकं सरीत, आणि गाडीच्या पोटाखाली वरंबा. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची चाकं मोठी, त्यामुळे त्यांनी पाडलेली चाकोरी आपल्या गाडीला खोल पडते. इथे वर घ्यायचं हे ठरलेलं. पण कधी? चाकोरीत उतरायच्या आधी, सपाटीवर उभं राहून. इंजिन चालू, दारं बंद, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत धीर धरा. दार उघडं असलं तर ही गाडी उंची बदलायचं थांबवते. खूपजण खाली उतरून वाट बघायला जातात, दार उघडंच, आणि परत येऊन म्हणतात गाडी वर का गेली नाही.

चाकोरीत टेकल्यावर वर घेऊ, हा विचार करू नका. का ते सांगतो. गाडी पोटावर टेकली की वजन वरंब्यावर येतं, चाकं सैल पडून लोंबतात. सेन्सर बघतो तो गाडी आणि चाक यांतलं अंतर. त्याला दिसतं की अंतर वाढलं, म्हणजे गाडी ‘फारच वर’ आहे. साध्या डोक्याची यंत्रणा असेल तर ती काय करेल? हवा सोडेल! म्हणजे अडकलेल्या गाडीला आणखी गाडेल. एका पाहुण्यांच्या गाडीचं हे माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. आम्ही फावडं आणायला गेलो, परत आलो तर गाडी फुसफुस करत आणखी बसत चाललेली, आणि पाहुणे स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू घरच्याच माणसाने दगा दिला.

तुमच्या डिस्कव्हरीला ही अडचण ओळखता येते, ही तिची मोठी जमेची बाजू. चाकं सैल आहेत, गाडी अडली आहे हे कळलं की ती हवा सोडायच्या ऐवजी उलट आणखी भरते आणि ऑफ-रोड उंचीच्याही वर जाते. ब्रेक दाबून धरून वर जायचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं तर आपल्यालाही तिला तसं सांगता येतं. पण ही उंची सुटकेपुरती. गाडी उचलली गेली की लोंबत्या चाकांखाली दगड, डबर, फळी जे मिळेल ते भरा, लो रेंजमध्ये हळूच बाहेर या आणि लगेच खाली. त्या उंचीवर चाकं बांधल्यासारखी असतात, तिथे गाडी चालवायची नसते.

या सस्पेन्शनची खरी हुशारी मात्र उंचीत नाहीच. डावीकडचा आणि उजवीकडचा फुगा नळीने जोडलेले असतात. रस्त्यावर ती वाट बंद, कच्च्या वाटेवर कमी वेगात ती उघडते. एका बाजूचं चाक दगडावर चढून वर दाबलं गेलं की तिथली हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि तिकडचं चाक खाली ढकलते. मोकळ्या सस्पेन्शनची गाडी थोडा वेळ अखंड धुऱ्याच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधलेल्या गाडीसारखी वागायला लागते. जांभ्याच्या सड्यावर, जिथे प्रत्येक चाकाखाली वेगळी उंची असते, तिथे हा फरक बसल्या जागी कळतो. कॉइल टाकून घ्यायच्या आधी हे लक्षात ठेवा. त्यावर शेवटी येतो.

अखंड धुऱ्याचा विषय निघालाच आहे तर थार, फॉर्च्युनरवाल्यांसाठी एक गोष्ट. तुमच्या डिस्कव्हरीत डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा, गाडीच्या अंगाला लटकलेला आहे, म्हणून गाडी वर गेली की तोही वर जातो. थार-फॉर्च्युनरच्या मागच्या धुऱ्यात तो गोळा धुऱ्यातच असतो. तिथे स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या घाला नाहीतर उंच स्प्रिंग लावा, गाडी वर जाईल, गोळा तिथेच राहील. तो वर घ्यायला मोठा टायर हाच एक उपाय. कॉइलच्या आत बसणाऱ्या त्या पिशव्या सामान लादल्यावर मागचा भाग बसू नये म्हणून आहेत, साधारण ५ ते ३० पीएसआयमध्ये वापरायच्या; ऑफ-रोडला त्या कडक भरल्या तर मागचं चाक उचलायला वेळ लागत नाही. आणि पिकअपवाल्यांनी, हायलक्स असो की व्ही-क्रॉस, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) वर पिशव्या बसवून मागे मोप सामान भरू नये. पाटे आपलं वजन चेसिसला पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना देतात. पिशवी ते मधल्या एकाच जागी देते. ऑस्ट्रेलियात अशा लादलेल्या पिकअपच्या चेसिस पिशवीपाशीच वाकलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत.

वजनाचा आणखी एक फसवा भाग. हवेवरची गाडी पाच माणसं, दोन तंबू, छतावरचा कॅरिअर असं काहीही भरलं तरी बसत नाही, ती दाब वाढवून पुन्हा ठरल्या उंचीवर येते. दाब वाढल्यामुळे स्प्रिंगही तेवढाच ताठ होतो, म्हणून भरलेली गाडी रिकामीसारखीच चालते. लांबच्या प्रवासात यासारखं सुख नाही. पण कॉइलची गाडी मागून बसली की आपल्याला लाज वाटते आणि आपण दोन बॅगा काढतो. ही गाडी तोंडातून ब्र काढत नाही. वजन काट्यावर करा.

आता आडवा उतार. या एका जागी मी लोकांना दटावतो.

काही वर्षांपूर्वी वेल्ह्याकडे भात काढून झाल्यावरच्या खाचरांमधून आम्ही चाललो होतो. वाट डोंगराच्या कुशीत आडवी, डावीकडे उतार. मागे दगडांचा पट्टा होता म्हणून गाडी मी वर घेतलेली, आणि पट्टा संपल्यावर खाली घ्यायला विसरलो. उतारात निम्म्यात आलो आणि शेजारी बसलेले काका एकदम गप्प झाले. माणसं गप्प होतात तेव्हा थांबावं, हा माझा जुना नियम. थांबलो. डावं पुढचं चाक एका बिळात बसलं होतं आणि गाडी हवी त्यापेक्षा जास्त झुकली होती. बटण दाबायचा मोह झाला, पण तिथे उंची बदलणं म्हणजे हवा इकडून तिकडे जाताना गाडी आणखी हलणार. दाबलं नाही. उतरायचं तर वरच्या बाजूने, हे सगळ्यांना सांगितलं, एकजण दोर घेऊन वरच्या बांधावर उभा राहिला, आणि आलो त्याच चाकोरीतून इंच इंच मागे गेलो. सपाटीवर आल्यावर खाली घेतली आणि मग तीच वाट काहीही न होता पार केली.

हिशेब मांडून बघा. दोन चाकांतलं अंतर १.६ मीटर धरा आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर. कागदावर ती सुमारे ४७ अंशांवर कलंडेल. साडेपाच सेंटिमीटर वर घ्या, ते ४५ वर येतं. दोन अंश म्हणजे काही नाही असं वाटेल. पण कागदावर गाडी उभी असते, तिला बीळ नसतं, छतावर कॅरिअर नसतो, आणि खालच्या बाजूचा टायर मऊ होऊन दबलेला नसतो. प्रत्यक्षात त्या ४५ च्या खूप आधी जे व्हायचं ते होतं. आडव्या उताराला लागायच्या आधी, सपाटीवर, नेहमीच्या उंचीला या. पोट घासण्याची भीती असेल तर वाट बदला किंवा पहार घेऊन दगड काढा.

पाण्याचं त्यामानाने सोपं आहे. तुमच्या गाडीची पाण्यातून जायची मर्यादा ७०० मिलिमीटर, आणि ती ऑफ-रोड उंचीला. म्हणून ओढ्यात शिरायच्या आधी वर. मात्र ‘आधी’ म्हणजे काठावर उभं राहून बटण दाबलं आणि लगेच गाडी पाण्यात घातली असं नाही. कॉम्प्रेसर नुकताच धावून तापलेला असतो. तापलेल्या कॉम्प्रेसरला ओढ्याच्या गार पाण्यात बुडवणं म्हणजे तव्यावर पाणी. पाचेक मिनिटं जाऊ द्या, तेवढ्यात काठी घेऊन ओढ्याची खोली बघून या, तेही काम राहिलेलंच असतं. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी चाललेलं असेल तर उंचीचा विषयच नाही. वाहतं पाणी गाडी उंच आहे की ठेंगणी हे बघत नाही. थांबा.

वाळूत मी वर-खाली फारसं करत नाही. जैसलमेरकडच्या टेकड्यांवर टायर १६-१८ पीएसआयला आणले की निम्मं काम होतं. मऊ वाळूत पोट टेकायला लागलं तर वर, पण टेकडीच्या कुशीतून आडवं जाताना नेहमीची उंची. कोकणातल्या किनाऱ्यांवर गाडी घालण्याचा प्रयोग करू नका. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, आणि भरती आली की कोणतंही सस्पेन्शन पुरत नाही.

एक सापळा इथेच सांगतो. ऑफ-रोड उंचीवर गाडी साधारण ताशी ५० किलोमीटरच्या वर गेली की ती आपणहून खाली येते. कच्चा रस्ता जरा बरा लागला, पाय दाबला गेला, गाडी गुपचूप खाली आली, पुढे पुन्हा दगडांचा पट्टा, आणि आपण मनात अजून वरच आहोत. ‘आत्ता तर लागलं नव्हतं!’ लागणारच. प्रत्येक पट्ट्याआधी उंचीच्या दिव्याकडे बघायची सवय लावा. आणि लाटालाटांच्या रस्त्यावर, जिथे सगळी गाडी थरथरते, तिथे मुद्दामच नेहमीच्या उंचीला या. वर असाल तर प्रत्येक लाटेला शॉक टोकाला आपटतो.

आता स्पिती. न्या. पण मुंबई-पुण्याच्या पावसात चार महिने चाललेली गाडी तशीच उचलून नेऊ नका. कारण असं.

कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि आपल्याकडची पावसाळी हवा म्हणजे निम्मं पाणीच. ते पाणी अडवायला कॉम्प्रेसरसोबत एक ड्रायर असतो. नव्या बुटांच्या खोक्यात जी दाण्यांची पुडी येते तसलेच दाणे त्यात. ते ओलावा शोषतात, आणि गाडी खाली येताना सुटणारी कोरडी हवा त्यांच्यातूनच बाहेर जाऊन त्यांना पुन्हा सुकवते. म्हणजे भरताना ओले, सोडताना कोरडे, असं चक्र. कुठे बारीक गळती असली की हे चक्र मोडतं. कॉम्प्रेसर भरत राहतो, हवा गळतीतून जाते, दाण्यांतून उलटी येतच नाही. दाणे चिंब होतात, आणि मग पाणी पुढे टाकीत आणि व्हॉल्व्हमध्ये. कोकणात काही कळत नाही. स्पितीतल्या काझाला, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर, रात्री पारा शून्याखाली गेला की व्हॉल्व्हमधलं ते पाणी गोठतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली एक सकाळ. आमच्यातल्या एका गाडीचा मागचा उजवा कोपरा बसलेला, कॉम्प्रेसर धावतोय, बाकी तीन कोपरे उचलले जातायत, तो नाही. मालक फोनवर रेंज शोधत गच्चीवर. मी म्हटलं, आधी नाश्ता करू. ऊन त्या बाजूला यायला साडेदहा वाजले, अकराला गाडी सरळ उभी. पुण्यात आल्यावर ड्रायर उघडला तर दाण्यांचा लगदा झालेला.

म्हणून निघायच्या आधी दाणे बदलून घ्या, ते फार महागडं काम नाही. आणि पाऊस संपल्यावर कोरड्या उन्हाच्या दिवशी गाडी चार-पाच वेळा पूर्ण वर आणि पूर्ण खाली करा, मध्ये कॉम्प्रेसरला दहा मिनिटं विश्रांती देत. दाणे सुकतात.

दुसरी बाब विरळ हवेची. स्पितीच्या वाटेवरची कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी. पुढे कधी लडाखला गेलात तर खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथे निम्म्याच्या आसपास. तिथे आपल्याला जशी धाप लागते तशी कॉम्प्रेसरलाही लागते. एका फेरीत जेवढी हवा यायची त्याच्या निम्मी येते, म्हणजे तीच उंची गाठायला तो खूप जास्त वेळ धावतो, तापतो, आणि तापला की स्वतःला बंद करून घेतो. गाडी बिघडली नाही, दमली आहे. वर-खालीचा खेळ तिथे करू नका. त्याच वाटेवरचा ग्रांफूपासून बातलपर्यंतचा पट्टा दगडगोट्यांचा आणि नाल्यांचा आहे, तिथे एकदा वर घेतली की वेग नाहीतरी पंधरा-वीसच्या वर जात नाही, तशीच राहू द्या. दिवसभर वर ठेवू नका असं मी वर म्हणालो त्याला हा अपवाद. आणि नाले सकाळीच पार करा, दुपारी बर्फ वितळून ते चढतात. जीप ग्रँड चेरोकीसारख्या काही गाड्यांत बाहेरची हवा घ्यायचीच नाही, नायट्रोजन बंद नळ्यांतच फिरतो. त्यांना यातलं निम्मं दुखणं नाही.

तिसरी बाब सकाळची. पुण्यात ३० अंशांना भरलेली हवा काझाच्या उणे ५ मध्ये सुमारे १२ टक्क्यांनी आकसते. गाडी एक-दोन बोटं बसलेली दिसेल, घाबरू नका. हात चाकाच्या कमानीत जाईना इतकी बसली असेल तर मात्र गळती. यातही एक गुंता आहे. ही गाडी उभ्या उभ्या काही तासांनी जागी होते आणि सगळ्यात खाली बसलेल्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीचे तीन आणून ठेवते. त्यामुळे गळतो एक, बसतात चारही, आणि गॅरेजवाला चारही फुगे बदलायचा खर्च सांगतो. चोर पकडायचा तर रात्री सस्पेन्शनच्या कंट्रोलरचा फ्यूज काढून ठेवा. फ्यूज नसला की व्हॉल्व्ह बंदच राहतात, कोणी कोणाची पातळी बघत नाही. चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत चारही ठिकाणी टेपने माप घ्या, सकाळी पुन्हा घ्या. जो बसला तो चोर. त्याच्या फुग्याच्या घडीवर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतील. फुगे बहुतेक खालच्या घडीपाशीच चिरतात, कारण रबर तिथे सतत दुमडत असतं आणि चिखलातली खर तिथेच अडकते. चिखलातून आलात की गाडी पूर्ण वर घ्या आणि त्या घड्या पाण्याने धुवा. गाडी नुसत्या हवेवर उभी असताना तिच्याखाली कधीही शिरू नका. खाली घोड्या लावा. फुगा फुटायला क्षण लागतो.

हाच फ्यूज आडवाटेवर जीव वाचवतो. कॉम्प्रेसर गेला, पण फुगे धड आहेत, तर गाडी उंचीवर असतानाच फ्यूज काढा. हवा जागच्या जागी अडकून राहते आणि गाडी साध्या स्प्रिंगसारखी चालते. पातळी सांभाळली जाणार नाही, डॅशबोर्डवर दिवे लागतील, वेग कमी ठेवा. सोबत मी इतकंच ठेवतो: कॉम्प्रेसरचा जादा रिले आणि फ्यूज, गाडीच्या मापाच्या नायलॉन नळीचे दोन-तीन मीटर तुकडे आणि जोड, आणि टायरसारखे व्हॉल्व्ह बसवलेल्या चार छोट्या नळ्या. त्या फुग्याच्या जोडाला लावल्या की टायरच्या पंपाने फुगा भरता येतो. बातलच्या ढाब्यावर स्पेअर पार्ट मिळत नाहीत, चहा चांगला मिळतो.

राहिला कॉइलचा प्रश्न. तुम्ही गाडी शहरात चालवणार, वर्षातून एकदा महाबळेश्वरला जाणार आणि फुगे-कॉम्प्रेसर दोन्ही संपलेले असतील, तर टाका कॉइल, मी आडवा येणार नाही. एकट्यानेच, सोबत दुसरी गाडी न घेता दूर दूर जाणाऱ्यालाही मी तेच सांगतो, कारण लोखंड कधी गोठत नाही. पण तुम्हाला खरोखर चाकोऱ्यांतून, सड्यांवरून जायचं असेल तर कॉइल टाकल्यावर डाव्या-उजव्या चाकांमधलं ते देणं-घेणं जातं, उंची कायमची एकच राहते, आणि ती थोडी उंच निवडलीत तर वेल्ह्याच्या त्या आडव्या उताराला तुमच्याकडे खाली यायचं बटणच नसेल. डिस्कव्हरीतली निम्मी डिस्कव्हरी तुम्ही गॅरेजमध्ये सोडून येता.

आधी ती टेपची मापं घ्या, सात रात्री. चारही कोपरे बोटभरही हलले नाहीत तर दाणे बदला आणि स्पितीला निघा. एखादा हलला तर तेवढाच फुगा बदला. मग कॉइलचं बोलू.